मोटार सीमेपलीकडे नेतांना

परमुलखांत आगगाडीनें अथवा विमानानें जाणाऱ्यानें स्वतःचें पारपत्र सांभाळलें म्हणजे भागतें. स्वतःची मोटार बरोबर नेणाऱ्यास मात्र दोन पारपत्रें सांभाळावीं लागतात; एक माणसाचें, दुसरें गाडीचें.

गाडीच्या या पारपत्रास ‘कार्ने’ म्हणतात. नांव फ्रेंच, पण व्यवहार आपल्या सावकारी तारणाचाच. परकी मोटार देशांत यावी, तेथेंच विकली जावी आणि आयातकर बुडावा, ही जकातखात्याची जुनी भीति. ती दूर करण्यासाठीं मालकाच्या देशांतील मान्य मोटार-संस्था हमीदार राहते. मुंबईंत हें काम वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन करते. संस्था अर्थात् मालकाकडून आधीं तारण घेते. पुस्तिकेंत गाडीचा इंजिन-क्रमांक व सांगाड्याचा क्रमांक नोंदलेला असतो; तो नोंदणीपत्राशीं अक्षरशः जुळला पाहिजे.

पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. एक प्रवेशाच्या वेळीं फाडला जातो, दुसरा बाहेर पडतांना, आणि तिसरा पुस्तिकेंतच राहतो. या तिसऱ्यावर दोन्ही वेळचे शिक्के हवेत. निघतांना घाई झाली, कारकून जागेवर नव्हता, शिक्का राहिला, तर गाडी घरच्या दारांत उभी असूनही ती परदेशींच आहे असें कागद सांगतो. मग जकातीची मागणी हमीदाराकडे येते, आणि त्याचा भार शेवटीं मालकाच्या तारणावर पडतो. गाडी स्वदेशीं हजर असल्याचा जकात अधिकाऱ्याचा दाखला अशा वेळीं उपयोगी पडतो खरा. परंतु तो मिळविण्याचा खटाटोप, शिक्क्यासाठीं घटकाभर थांबण्यापेक्षां पुष्कळच मोठा.

कार्ने सर्वत्र लागतें असें नाहीं. इराण तें मागतो, युरोपांतील बहुतेक देश मागत नाहींत. नेपाळांत भारतीय मोटारीस सीमेवरील ‘भन्सार’ कचेरींत दिवसांच्या हिशेबानें शुल्क भरून प्रवेश मिळतो.

चालकासाठीं प्रादेशिक परिवहन कचेरी आंतरराष्ट्रीय परवाना देते. १९४९ च्या जिनीव्हा करारान्वयें असलेला हा परवाना एक वर्ष चालतो. मूळ परवाना मात्र जवळ हवाच. विम्याचा विचार बहुधा शेवटीं सुचतो, तो आधीं सुचावा. भारतांतील विमापत्र सामान्यतः भारतापुरतेंच असतें. नेपाळ, भूतान यांसारख्या शेजाऱ्यांसाठीं जादा हप्ता भरून त्याची हद्द वाढवितां येते. दूरच्या देशांत तेथील विमा वेगळा घ्यावा लागतो.

आतां खुद्द गाडी. तिच्या पाठीमागें पांढऱ्या लंबवर्तुळांत ‘आय् एन् डी’ हीं रोमन अक्षरें काळ्या रंगांत हवींत, उंची निदान ८० मिलिमीटर. दिव्यांची गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्याकडे वाहनें डावीकडून चालतात, म्हणून खालीं केलेला झोत डाव्या अंगास किंचित् वर चढतो. उजवीकडून चालणाऱ्या फ्रान्समध्यें तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. त्यासाठीं दिवे जुळवून घ्यावे, किंवा काचेच्या ठराविक भागावर झोत वळविणारी पट्टी चिकटवावी. फ्रान्समध्यें धोक्याचा त्रिकोण व चकाकणारें जाकीटही सक्तीचें आहे, आणि तें जाकीट सामानाच्या पेटींत नव्हे, चालकाच्या हाताशीं असावें लागतें.