पुंज-केऑस

पुंज-केऑस : ज्या प्रणालीची गती न्यूटनप्रणीत अभिजात यामिकीनुसार केऑस स्वरूपाची असते, त्याच प्रणालीचे वर्तन पुंजयामिकीच्या नियमांनुसार कसे असते, याचा अभ्यास करणारी भौतिकीची शाखा. तिचा विकास मुख्यत्वे १९७० नंतर झाला. अणुकेंद्रांच्या ऊर्जा पातळ्या, प्रबल चुंबकीय क्षेत्रातील अणू, प्रकाशाच्या साहाय्याने थंड केलेले अणू असे तिचे विषय विविध आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. अणूंच्या जगाचे नियम केऑसला वाव देत नसतील, तर त्याच अणूंनी बनलेल्या स्थूल जगात केऑस येतो कोठून? या प्रश्नाशी निगडित असलेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये पुणे येथून प्रसिद्ध झाले.

अभिजात केऑस : केऑस म्हणजे नियमांचा अभाव नव्हे. गतीचे नियम पूर्णपणे निश्चित असूनही आरंभीच्या स्थितीतील अत्यल्प फरक कालाबरोबर घातांकीय वेगाने वाढत जातो व त्यामुळे दीर्घकालीन भाकीत करणे अशक्य होते, अशा गतीस केऑस म्हणतात. या गुणधर्माची पहिली स्पष्ट जाणीव फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वँकारे यांना १८९० च्या सुमारास तीन खस्थ पदार्थांच्या गतीचा अभ्यास करताना झाली. कॅरमच्या फळीवर घर्षण नाही असे मानले, तर किंचित वेगळ्या कोनांत सोडलेल्या दोन सोंगट्यांमधील अंतर सावकाश वाढते. याच फळीच्या मध्यभागी एक वाटोळा अडथळा बसविला, तर त्यावर होणाऱ्या प्रत्येक आघातागणिक हे अंतर कित्येक पटींनी वाढते आणि थोड्याच वेळात दोन्ही मार्गांत काहीही साम्य उरत नाही. रशियन गणितज्ञ या. जी. सिनाई यांनी १९७० मध्ये अशा फळीचे गणित पूर्णत्वास नेले.

पुंजयामिकीतील अडचण : कणाचे स्थान व संवेग ही दोन्ही एकाच वेळी अचूक निश्चित करता येत नाहीत, त्यामुळे पुंजयामिकीत कणाच्या मार्गाची कल्पनाच लागू पडत नाही. शिवाय श्रोडिंजर समीकरण रेषीय असल्यामुळे परस्परांशी जवळजवळ एकरूप असलेल्या दोन अवस्था सर्व काळ तितक्याच एकरूप राहतात. त्यांच्यातील फरक वाढत नाही. म्हणजे केऑसचे जे लक्षण, तेच येथे संभवत नाही. उलट नील्स बोर यांच्या अनुरूपता तत्त्वानुसार मोठ्या पुंजांकांच्या मर्यादेत पुंजयामिकीचे निष्कर्ष अभिजात यामिकीशी जुळले पाहिजेत. हा विरोध कसा मिटतो, हे दाखविणे हे या शाखेचे मुख्य कार्य होय.

अर्ध-अभिजात सिद्धांत : अभिजात कक्षांवरून पुंज-ऊर्जा पातळ्या काढण्याची पद्धत बोर व आर्नोल्ट झोमरफेल्ट यांनी १९१३–१६ या काळात मांडली. ही पद्धत केवळ नियमित गती असलेल्या प्रणालींनाच लागू पडते, हे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये एका लहानशा निबंधात दाखवून दिले. पुढे १९२५–२६ मध्ये नवी पुंजयामिकी अवतरली व हा निबंध सु. चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिला.

त्यातील प्रश्नाचे उत्तर मार्टिन गुट्झव्हिलर (१९२५–२०१४) यांनी दिले. बाझेल येथे जन्मलेल्या या स्विस भौतिकीविज्ञांचे शिक्षण झुरिक व अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात झाले. काही वर्षे एका तेल कंपनीत भूभौतिकीचे काम केल्यावर १९६० पासून निवृत्तीपर्यंत ते आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळांत होते. १९६७ ते १९७१ या काळात प्रसिद्ध केलेल्या निबंधमालिकेत त्यांनी रिचर्ड फाइनमन यांच्या मार्ग-समाकलनाच्या पद्धतीपासून सुरुवात करून एक सूत्र सिद्ध केले. केऑस असलेल्या प्रणालीतही काही कक्षा आपल्या आरंभस्थानी परत येऊन पुन्हापुन्हा गिरविल्या जातात. या आवर्ती कक्षा अस्थिर असतात, पण त्यांची संख्या अनंत असते. अशी प्रत्येक कक्षा ऊर्जा पातळ्यांच्या घनतेत एका तरंगाची भर घालते. तरंगाची कला कक्षेच्या क्रियेवरून व त्याचा परमप्रसर कक्षेच्या अस्थिरतेवरून ठरतो. सर्व तरंगांची बेरीज केली असता वर्णपट मिळतो. याच धर्तीचे एक सूत्र रीमान यांच्या झीटा फलनाची शून्यस्थाने व मूळ संख्या यांना जोडते, हे लक्षात आल्यावर गणितज्ञांचेही या विषयाकडे लक्ष वेधले गेले. या कार्याबद्दल गुट्झव्हिलर यांना २००३ मध्ये माक्स प्लांक पदक मिळाले.

सूत्राची सत्यता प्रयोगांतून पटली. चुंबकीय क्षेत्रातील बेरियम अणूच्या शोषण वर्णपटात आयनीभवनाच्या ऊर्जेच्याही पलीकडे समान अंतरावरील चढउतार दिसतात, असे गार्टन व टॉमकिन्स यांना १९६९ मध्ये आढळले होते. १९८६ मध्ये जर्मनीतील बीलेफेल्ट विद्यापीठात हायड्रोजन अणूवर केलेल्या प्रयोगांत अशा चढउतारांचे विश्लेषण करता त्यांतून इलेक्ट्रॉनाच्या अभिजात बंद कक्षांचे आवर्तकाल स्वच्छपणे मिळाले.

ऊर्जा पातळ्यांमधील अंतरे : जड अणुकेंद्रांच्या ऊर्जा पातळ्या एकेक करून मोजणे कठीण असते. म्हणून यूजीन विग्नर यांनी १९५० नंतरच्या दशकात यदृच्छ घटक असलेल्या आव्यूहांच्या साहाय्याने त्यांच्या सांख्यिकीचा विचार सुरू केला. हे गणित पक्क्या पायावर उभे करणाऱ्यांत मदन लाल मेहता (१९३२–२००६) प्रमुख होत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दोन वर्षे काढून १९५८ मध्ये ते फ्रान्समधील साक्ले येथे गेले. त्यांचा यदृच्छ आव्यूहांवरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला व तो या विषयातील आधारग्रंथ ठरला. नियमित गतीच्या प्रणालींत ऊर्जा पातळ्या परस्परांची दखल न घेता विखुरलेल्या असतात, असे मायकेल बेरी व मायकेल टेबर यांनी १९७७ मध्ये दाखविले. १९८४ मध्ये बोइगास, जिआनोनी व श्मिट यांनी वर उल्लेखिलेल्या सिनाई यांच्या फळीत कोंडलेल्या एकाच कणाच्या ऊर्जा पातळ्या काढल्या. त्या एकमेकींना जणू दूर सारतात आणि त्यांची सांख्यिकी अणुकेंद्राप्रमाणेच आहे, असे दिसून आले. म्हणजे कालाबरोबर होणाऱ्या बदलांत न दिसणारा केऑस वर्णपटावर आपली खूण ठेवून जातो.

आघातित घूर्णक : खिळ्याभोवती अडथळ्याविना फिरणाऱ्या दांड्यास ठराविक कालांतराने क्षणिक आघात दिल्यास आघातित घूर्णक मिळतो. त्याची कल्पना झोक्यावरून येईल. खानदेशात आखाजीला बांधतात तशा झोक्यास त्याच्या लयीशी जुळवून धक्के दिले, तर तो चढत जातो. पण डोळे मिटून केवळ ठराविक कालाने धक्के दिले, तर एखादा धक्का वेग वाढवितो व एखादा घटवितो. घूर्णकाला बसणारे आघात पुरेसे जोरदार असले, तर वाढ-घट केऑस स्वरूपाची होते आणि त्याची सरासरी ऊर्जा आघातांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत जाते.

काझाती, चिरिकोव्ह, इझ्राइलेव्ह व फोर्ड यांनी या प्रणालीचे पुंजयामिकीय गणित संगणकावर करून १९७९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा अनपेक्षित निष्कर्ष हाती आला. आरंभी ऊर्जा अभिजात नियमाप्रमाणे वाढते, पण काही आघातांनंतर वाढ थांबते. फिशमन, ग्रेम्पेल व प्रेंज यांनी १९८२ मध्ये त्याचे कारण स्पष्ट केले. निरनिराळ्या संवेगांचे तरंग परस्परांत मिसळून व्यतिकरणाने एकमेकांस छेद देतात व कण संवेगाच्या मर्यादित पट्ट्यात अडकून पडतो. अशुद्ध घन पदार्थात इलेक्ट्रॉन असाच अडकतो, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखविले होते. टेक्सस विद्यापीठात मार्क रायझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अतिशय थंड केलेल्या सोडियम अणूंवर लेसरच्या स्थिर तरंगाचे स्पंद सोडून हा परिणाम प्रत्यक्ष पाहिला.

पुणे येथील प्रयोग : हे अडकणे तरंगांमधील कलासंबद्धतेवर अवलंबून असते. परिसराच्या व्यत्ययाने कलांमधील नाते तुटले की व्यतिकरण नाहीसे होते आणि केऑसपासून उद्‌भवणारी ऊर्जेची वाढ पुन्हा सुरू होते. १९९८ मध्ये टेक्सस व ऑकलंड येथील प्रयोगांनी हे सिद्ध केले. सामान्यतः कलासंबद्धता किरणोत्सर्गी मूलद्रव्याप्रमाणे घटते. ठराविक काळात ती निम्मी होते, तेवढ्याच काळात पुन्हा निम्मी. परंतु व्यत्यय कसे येतात यावर हा नियम अवलंबून आहे, असे शोमेरुस व लुट्स यांनी २००७ मध्ये सैद्धांतिक रीत्या दाखविले.

पुणे येथे २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत उमाकांत रापोल, एम. एस. संथानम व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची प्रायोगिक परीक्षा घेतली. त्यांनी रुबिडियमच्या अतिशीत अणूंवर लेसरचे स्पंद सोडले आणि स्पंदांच्या मालिकेत मुद्दाम व्यत्यय आणले. दोन व्यत्ययांमधील काल फ्रेंच गणितज्ञ पॉल लेव्ही यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणानुसार निवडला होता. या वितरणात बहुतेक कालांतरे लहान असतात, पण मधूनच एखादे इतके दीर्घ येते की, कालांतराची सरासरीच सांत राहत नाही. अशा दीर्घ शांत काळात कलासंबद्धता टिकून राहते. त्यामुळे तिचा ऱ्हास घातांकीय नियमापेक्षा मंद गतीने होतो आणि ऊर्जाही सावकाश वाढते. उदा., वितरणाचा घातांक १/२ असेल, तर काल चौपट झाला असता ऊर्जेची वाढ चौपट न होता सु. दुप्पटच होते. घातांक बदलून ही गती नियंत्रित करता येते, असे प्रयोगात दिसले व निरीक्षणे गणिताशी चांगली जुळली. हे निष्कर्ष फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

महत्त्व : या संशोधनावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. पुंजयामिकीतील व्यतिकरण केऑसला आवर घालते. परिसराचा स्पर्श हा आवर सैल करतो व स्थूल जगात केऑस दिसू लागतो. तो किती वेगाने सैल होतो, हे मात्र व्यत्ययांच्या कालवितरणावर अवलंबून असते. पुंज-संगणकाच्या उभारणीत कलासंबद्धतेचा ऱ्हास हाच मोठा अडसर असल्यामुळे त्याचा वेग नियंत्रित करता येणे व्यावहारिक दृष्ट्याही महत्त्वाचे आहे. अनेक कण परस्परांशी निगडित असताना हेच नियम कितपत टिकतात, हा या शाखेतील संशोधनाचा पुढील प्रमुख विषय आहे.