काळाचे तुकडे वाटून घेता येतील का?

हवामानाचा अंदाज उशिरा आला तर तो अंदाज राहत नाही, बातमी होते! ही अडचण इंग्रज शास्त्रज्ञ लुईस रिचर्डसन यांनी ओळखली होती. हवामानाच्या बरोबरीने गणित चालवायचे तर ६४,००० माणसे हवीत, असे त्यांनी १९२२ साली लिहिले. पृथ्वीचा एकेक तुकडा एकेका गटाने सोडवायचा. आजच्या महासंगणकात माणसांच्या जागी हजारो प्रोसेसर असतात, इतकेच.

जागा अशी वाटता येते, पण काळ? संगणक काळाची लहान पावले टाकत पुढे जातो. साध्या पद्धतीत एका पावलात ध्वनिलहरीने एक चौकोन ओलांडता कामा नये. चौकोन १० किलोमीटरचा आणि ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे पाऊल सुमारे ३० सेकंदांचे. दहा दिवसांसाठी २८,८०० पावले! चौकोन ५ किलोमीटरचे केले की त्यांची संख्या चौपट होते. तेथे चौपट प्रोसेसर लावता येतील. परंतु पावलेही दुप्पट होतात, आणि मागचे पाऊल पडल्याशिवाय पुढचे टाकता येत नाही.

२००१ साली लिओन्स, मादे आणि तुरिनिची या गणितज्ञांनी 'पॅरारियल' नावाची युक्ती सुचवली. समजा, वादळाचा वेग ताशी १०० किलोमीटर आहे. बारीक, वेळखाऊ गणितानुसार तो रोज आदल्या दिवसाच्या ६० टक्के उरतो. झटपट ढोबळ गणित ५० टक्के धरते. ढोबळ उत्तरे : पहिल्या दिवशी ५०, दुसऱ्या दिवशी २५. आता दोन प्रोसेसर एकदमच बारीक गणित करतील. पहिला १०० पासून : ६०. दुसरा, पहिल्यासाठी न थांबता, ५० पासून : ३०. म्हणजे दुसऱ्या दिवशी ढोबळ गणित ५ ने कमी पडले. सुधारलेल्या ६० वरून पुन्हा ढोबळ गणित केले की ३०; त्यात ५ मिळवले की ३५. खरे उत्तर ३६!

दोन दिवसांत फारसा लाभ नाही. पण शंभर तुकडे चार-पाच फेऱ्यांत जुळले तर वेळ पुष्कळ वाचेल.

मात्र वातावरण लहरींनी भरलेले आहे. ढोबळ गणितात लहर जरा पुढे-मागे सरकली, की दुरुस्ती भलत्याच जागी पडते. २०१४ साली टेरी हॉट आणि बेथ विंगेट यांनी जलद लहरींची सरासरी घेऊन ढोबळ गणित सुधारण्याचा मार्ग दाखवला.

आता वही घ्या आणि तिसऱ्या दिवसाचे उत्तर काढा. पहिल्या फेरीनंतर २० यायला हवे. खरे उत्तर २१.६ आहे. दुसऱ्या फेरीनंतर किती येते?