तंबाखू खात नाही, मशेरी लावते

आमच्या बचत गटातल्या दोघी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करणं, सक्शनची नळी धरणं हे त्या लवकर शिकल्या. अवघड गेलं ते प्रश्न विचारणं.

केसपेपर भरताना त्या विचारायच्या, "तंबाखू खाता का?" बाया सरळ "नाही" म्हणायच्या. खोटं नव्हतंच ते. आपल्याकडे तंबाखू खातात पुरुष, बायका मशेरी लावतात! तव्यावर भाजून कुटलेली तीच तंबाखू, पण आपण तिला दंतमंजन समजतो. डॉक्टरांना मात्र हे कळायलाच हवं. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा असेल तर ती कॅन्सरच्या आधीची खूण असू शकते, आणि तो बहुतेकदा दुखत नाही.

आता त्या विचारतात, "ताई, दात कशानं घासता? दिवसातून कितीदा?" तेही घरची माणसं बाहेर बसवून. एक सून सासूसमोर दोनदा "नाही" म्हणाली होती. खुर्चीत एकटी बसल्यावर हळूच म्हणाली, "चारदा लावते." तोंडात चट्टा होता. डॉक्टरांनी तिला तुकडा तपासायला जिल्हा रुग्णालयात पाठवलं.

उपवासाचंही तसंच. उपाशीपोटी दात काढताना भोवळ येऊ शकते. चतुर्थी असो की रोजा, "कशाला धरता?" म्हणायचं नाही. घाई नसेल तर दुसरा वार द्यायचा.

आणि गाव लहान. आम्ही गटात किती बोलतो ते आम्हालाच ठाऊक. म्हणून "आज दवाखान्यात कोण आलं होतं गं?" हे त्या दोघींना आम्ही विचारत नाही.