सांबार, कोथिंबीर आणि कोरिअँडर
— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



दर अंकात आम्ही बेणे, लागवड, खोडवा आणि हुमणी यांवरच लिहितो. या खेपेला शाळेचे लिहितो. विषय आमच्या खात्याचा नाही, पण तुमच्या घरचा आहे.

गेल्या हंगामात बाभुळगावच्या भागात आमची फेरी होती. एका गावी सभासदाची वाट पाहत आम्ही शाळेच्या ओट्यावर टेकलो. आत दुसरीचा वर्ग, तास इंग्रजीचा. आता ‘ए फॉर ॲपल’ची घोकंपट्टी ऐकावी लागणार असे वाटले. पाहतो तर बाईंनी सतरंजीवर वांगे, आलू, कांदा, टमाटर, फल्लीच्या शेंगा, मूठभर तांदूळ, गुळाचा खडा आणि सांबाराची जुडी मांडलेली. पोरांनी सगळे नीट पाहून घेतले, वर टॉवेल पडला, डोळे मिटले, आणि बाईंनी एक वस्तू हळूच उचलली. काय गेले ते इंग्रजीत सांगायचे. ‘ओनियन!’ ‘ब्रिंजल!’ असा गलका झाला, की सभासद येऊन उभा राहिला तरी आम्ही काही उठलो नाही.

पुढच्या डावात जुडी गेली. एक पोरगी म्हणाली, ‘‘सांबार गेला.’’ मागून एक पोरगा ओरडला, ‘‘सांबार नव्हं, कोथिंबीर!’’ हा तोडणी टोळीतला, बीडकडचा. आईबाप फडात, वर्गात येऊन आठच दिवस झालेले. पोरं फिदीफिदी हसली, त्याने मान खाली घातली. बाई म्हणाल्या, ‘‘दोघांचंही बरोबर. इंग्रजीत म्हणा, कोरिअँडर.’’ हा शब्द दोघांनाही सारखाच नवा आणि सारखाच अवघड. पुढच्या डावात तोच पोरगा सगळ्यांत आधी ओरडला.

आपल्या राज्यात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवणारे. ॲपलचे स्पेलिंग पाठ होते, पण सफरचंद घरात यायचे कोणी आजारी पडले तरच. रोजच्या ताटातल्या एकाही जिनसाचे इंग्रजी नाव येत नव्हते. पुढे शेतकी पदविकेला जे इंग्रजी तोंडी बसले, ते औषधांच्या बाटल्यांवरचे!

दुसरा खेळ दुकानाचा. एक पोर दुकानदार, बाकीचे गिऱ्हाईक, कागदाच्या नोटा. कांदा मागताना ‘ॲन ओनियन’, पण तांदूळ मागताना ‘सम राइस’. आपण ‘तांदूळ संपले’ म्हणतो, दाणे अनेक असतात म्हणून. इंग्रजीत तांदळाची अशी मोजणी नाही. शिवाय तांदूळही राइस आणि शिजलेला भातही राइस. शेतातले धान तेवढे पॅडी. हे व्याकरण फळ्यावर समजावत बसले तर महिना जाईल. इथे चुकले की दुकानदार माल देत नाही, म्हणून दोन दिवसांत जमते.

गुळाच्या खड्यावरून आम्हीही थोडे ज्ञान पाजळले. शुगर हा शब्द मुळात आपल्या संस्कृतातला शर्करा. फारशी, अरबी करत तो युरोपात पोचला. जॅगरीही त्याच मुळाची, पोर्तुगीजांच्या तोंडून आलेली. आणि कँडी म्हणजे आपली खंड, खांडसरीतली. पोरांना यात फारसा रस दिसला नाही. खडा कोणाला मिळणार, एवढेच ते विचारत होते.

आता कामाचे. फडात टोळी उतरली की तिच्याबरोबर लेकरे येतात आणि पाचटात खेळत हंगाम काढतात. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मूल वर्षाच्या मध्यात आले तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पण शाळेपर्यंत न्यायचे कोणी? ज्यांच्या रानाशेजारी कोप्या पडतील त्या सभासदांनी मुकादमाशी बोलावे आणि पहिल्या दिवशी लेकरू स्वतः शाळेत पोचवावे. अशा खेळांच्या वर्गात मागचे धडे बुडाले म्हणून पोर अडून बसत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. टोळीत सहा वर्षांवरची मुले किती, हे आमचे चिटबॉय येत्या हंगामात वहीत लिहून घेतील. त्यांना खरी माहिती द्यावी.

खेळासाठी शाळेला आठवड्यातून एकदा घरचा भाजीपाला द्यावा. मात्र निवडून द्यावा. आम्ही मोठ्या तोऱ्यात नेलेले वांगे बाईंनी चिरले तर आत किडके निघाले, आणि सगळा वर्ग त्या दिवशी ‘वर्म’ हा जादा शब्द शिकला.