कुलपातला कॅरम

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो ऊसतोड कुटुंबे घराला कुलूप लावून साखर कारखान्यांची वाट धरतात. पुढले कित्येक महिने घर त्या कुलपाच्या भरवशावर! हा भरवसा कितपत खरा?

अमेरिकेच्या लायनस येल यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेल्या धर्तीच्या कुलपात एकावर एक अशा खिळ्यांच्या जोड्या असतात. स्प्रिंग त्यांना दाबून धरते. योग्य किल्लीने सर्व जोड्यांचे सांधे एका रेषेत आले, की आतला दंडगोल फिरतो.

आता कॅरम आठवा. चिकटलेल्या दोन सोंगट्यांपैकी पहिलीला टोला दिला, तर ती जवळजवळ जागीच राहते, पळते दुसरी! संवेग पुढे जातो. विजेवर थरथरणारे कुलूपवाल्यांचे उपकरण हेच करते. वरचे खिळे क्षणभर उडतात, सांध्यात फट पडते आणि किल्लीवाचून दंडगोल फिरू शकतो.

तरफांच्या, म्हणजे लिव्हरच्या कुलपात असे जोडखिळे नसतात. इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यात प्रत्येक पट्टी नेमकी तेवढीच उचलावी लागते. कमी चालत नाही, जास्तही नाही. तेथे नुसते टोले लटके पडतात.

घरच्या कुलपावर लिव्हरची संख्या कोरली आहे का, पाहा बरे!