कुंडींतील ब्लूबेरी आणि तिचा आहार

उपनगरांतील शेतजमीन आटली, परंतु शेतकऱ्याची लागवडीची हौस आटलेली नाहीं. १९५७ सालीं मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथील भातखाचरांवर इमारती उठल्या, आणि ज्यांच्या घरीं पूर्वीं कणग्या भरत असत त्यांच्या वाट्यास आज बहुधा गच्ची, अंगण किंवा वाडीचा एखादा तुकडा उरला आहे. अशा जागेंत कुंड्यांतून ब्लूबेरी लावावी काय, असा प्रश्न हल्लीं विचारला जातो. फळास भाव चांगला. पण रोपहि स्वस्त नाहीं. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं या झुडपाची प्रकृति ओळखणें अवश्य आहे. तें उपासापेक्षां आपण प्रेमानें चारलेल्या खतानें लवकर मरतें, हें आम्ही आरंभींच सांगून ठेवतों.

ब्लूबेरी हें मूळचें उत्तर अमेरिकेंतील रानझुडूप. बागेची कसदार, चुनखडीची माती त्यास मानवत नाहीं. त्यास आम्ल जमीन लागते, हें वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉव्हिल यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांनीं दाखविलें. पुढें न्यू जर्सी राज्यांत एलिझाबेथ व्हाइट या बाईंच्या मळ्यावर रानांतील मोठ्या फळांचीं झुडपें निवडून वाढविलीं गेलीं, आणि १९१६ सालीं लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल विक्रीस गेला. आपल्या देशांत या झुडपाचीं भावंडें निलगिरीसारख्या दक्षिणेकडील उंच डोंगरांवर आढळतात. तेथील जमीनहि आम्लच असते.

दुसरा विचार थंडीचा. उत्तरेकडील जातींस फुलण्यापूर्वीं सुमारें ७ अंशांखालील थंडीचे आठशें ते हजार तास लागतात. सांताक्रूझ येथें नोंदलेलें नीचतम तपमान जानेवारी १९६२ मधील ७.४ अंश होय. तेव्हां त्या जाती आपल्या कामाच्या नाहींत. अल्प थंडीवर फळणाऱ्या जातीच घ्याव्या. अमेरिकेच्या कृषिखात्यानें १९९८ सालीं प्रसृत केलेली ‘बिलॉक्सी’ ही त्यांपैकीं एक. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें अशाच जातींच्या बळावर आपल्या किनाऱ्यावर हें पीक उभें केलें. परंतु तो किनारा कोरडा आहे व आपला चार महिने भिजतो, हें विसरूं नये. जातीचें नांव न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून रोप घेऊं नये.

कुंडी मातीची किंवा प्लॅस्टिकची असावी. सिमेंटची नको, कारण तिच्यांतून चुना उतरतो. त्याच कारणास्तव इमारतीच्या राड्याची माती व किनाऱ्यावरील शिंपल्यांची वाळू वर्ज्य करावी. लहान रोपास दहा लिटरची व तें वाढल्यावर तीस-चाळीस लिटरची कुंडी द्यावी. मुळें तंतूंसारखीं बारीक व उथळ असल्यानें भरण भुसभुशीत पाहिजे. नारळाच्या काथ्याचा भुसा दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग व भाताचें तूस एक भाग असें मिश्रण करावें. भुशांत क्षार असतात, म्हणून तो गोड्या पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावा. दर कुंडीस चमचाभर गंधकाची भुकटी मिसळून मिश्रण दोन महिने ओलसर ठेवावें. सूक्ष्म जंतू गंधकाचें आम्ल करतात, व त्यास वेळ लागतो. आम्लता मोजण्याचा अंक, ज्यास सामू म्हणतात, तो कागदी पट्टीनें पाहावा. तो ४.५ ते ५.५ च्या दरम्यान आला म्हणजे पावसाळा सरल्यावर रोप लावावें.

आतां आहार. वांग्यास वा आंब्यास जें शेणखत, राख, हाडांचा चुरा किंवा मासळीचें खत आपण सढळ हातानें देतों, तें येथें घातक होय. राख व हाडें यांनीं आम्लता मरते. शेणखत व मासळी यांतील क्षार कोवळीं मुळें जाळतात. नत्र अमोनियाच्या रूपांत द्यावें, कारण नायट्रेटचा उपयोग हें झुडूप फारसा करूं शकत नाहीं. अमोनियम सल्फेट ५ ग्रॅम दहा लिटर पाण्यांत विरघळवून, माती ओली असतांना, दर पंधरवड्यास कुंडी भिजेल इतकेंच द्यावें. इतर द्रव्यांसाठीं आम्लप्रिय झाडांचें मिश्र खत, पिशवीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यानें, महिन्यांतून एकदां पुरे. पोटॅश द्यावयाचें झाल्यास सल्फेटचें द्यावें. म्युरिएटमधील क्लोराइड यास सोसत नाहीं.

कोवळीं पानें पिवळीं पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर भूक समजून खत वाढवूं नये. ती लोहाच्या अभावाची खूण आहे. पुष्कळदां लोह मातींत असतें, पण आम्लता उतरल्यामुळें मुळांस मिळत नाहीं. प्रथम सामू पाहावा व तो सुधारावा. मग थोडें हिराकस द्यावें. पानांच्या कडा करपल्या, तर क्षार सांचले असें समजून नुसत्या पाण्यानें कुंडी धुवून काढावी.

पाणी पावसाचें सर्वांत उत्तम. तें पिंपांत सांठवावें. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी जड वा मचूळ असल्यास वापरूं नये. परंतु तोच पाऊस कुंडींत अति झाला तर खत वाहून नेतो व मुळें गुदमरवितो. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसानें सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. असा पाऊस नित्याचा नव्हे. तरी कुंड्या विटांवर उचलून, भोंकें मोकळीं ठेवून, आषाढांत त्यांस आडोशास न्यावें. चैत्र-वैशाखांत दुपारची सावली करावी, आणि फळ रंगूं लागतांच बुलबुलांपासून जाळीनें राखावें.

शेवटीं हिशेब. कर्ज काढून पन्नास कुंड्या मांडणें आम्हांस पसंत नाहीं. दोन जातींच्या मिळून चार कुंड्या घ्याव्या. दोन जाती शेजारीं असल्यानें फळहि चांगलें धरतें. पहिल्या वर्षाचीं फुलें खुडून टाकावीं. रोप, भरण, खत यांचा खर्च, सामूचे अंक व फळांचें वजन वहींत मांडावें, आणि दोन वर्षांनीं ती वही काय सांगेल त्यावरून पुढील कुंड्या वाढवाव्या. वाडीच्या कुंपणास मात्र बोरिवलीच्या डोंगरांतील करवंदच लावावें. तेथें त्याच्या जाळ्या कोणीं खत न घालतां दर उन्हाळ्यांत काळ्याभोर फळांनीं लवतात, आणि त्यांस सामू मोजावा लागत नाहीं.