रुग्णाचे गुपित डॉक्टरांनी कोणाला सांगावे?

रक्तदानापूर्वीच्या तपासणीत एचआयव्हीची बाधा आढळली, ती बातमी बाहेर गेली, ठरलेले लग्न मोडले आणि आप्तेष्टांनीही पाठ फिरवली. १९९५ मधील या घटनेनंतर संबंधित व्यक्तीने चेन्नईतील रुग्णालयाकडे नुकसानभरपाई मागितली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे दाद न मिळाल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा १९९८ मधील निकाल रुग्णाच्या विरोधात गेला.

गोपनीयता पाळणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र नियोजित वधूचा निरोगी आयुष्याचा हक्क त्याहून वरचढ ठरवला. एवढ्यावर न थांबता अशा रुग्णाचा विवाहाचा हक्कच बरा होईपर्यंत स्थगित राहतो, अशी टिप्पणीही केली. ती अनावश्यक होती, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये स्पष्ट केले. माहिती उघड करण्याबाबतचा मूळ निष्कर्ष मात्र कायम राहिला.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत गोपनीयतेला मोजकेच अपवाद आहेत. न्यायाधीशांचा आदेश असल्यास, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असल्यास, अथवा रोग शासनाला कळवणे बंधनकारक असल्यास डॉक्टरांना बोलता येते. न्यायालयातील स्थिती अनेकांना ठाऊक नसते. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाकडून वदवून घेता येत नाही. डॉक्टरांना असे कायदेशीर कवच नाही. न्यायालयाने विचारल्यास त्यांना उत्तर द्यावेच लागते.

एचआयव्हीबाबत मात्र १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या स्वतंत्र कायद्याने चौकट बरीच काटेकोर केली. रुग्णाची माहिती इतरांना देण्यासाठी त्याची लेखी संमती लागते. जोडीदाराला सांगण्याची मुभा केवळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अथवा समुपदेशकाला आहे, आणि तीही पायरीपायरीने. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका असला पाहिजे. रुग्णाने स्वतः सांगावे यासाठी त्याचे समुपदेशन झालेले असले पाहिजे. तरीही तो सांगणार नाही याची खात्री पटली पाहिजे. आणि आपण सांगणार आहोत, याची पूर्वकल्पना रुग्णाला दिली पाहिजे. त्यानंतर जोडीदाराला समक्ष भेटून, समुपदेशन करूनच ही माहिती द्यायची असते. फोन किंवा चिठ्ठी चालत नाही.

या तरतुदीचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग स्त्रियांविषयी आहे. बाधित स्त्रीची माहिती पतीला कळल्यास तिला मारहाण होईल वा घराबाहेर काढले जाईल, अशी रास्त भीती असल्यास डॉक्टरांनी ती सांगू नये, असे कायदा बजावतो. दुसरीकडे, जोडीदाराच्या व्याख्येत पती, पत्नी आणि विवाहसदृश नात्यातील व्यक्ती येतात. नियोजित वधू-वरांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. म्हणजे ज्या प्रश्नावरून १९९८ चा निकाल आला, त्याला नव्या कायद्यात थेट उत्तर सापडत नाही.

मानसिक आजारांबाबतही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व यांसारख्या आजारांचे काय? तेथे मुख्य आधार २००२ च्या नियमावलीचाच. ती मोडणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. पण परिषदेचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांपुरताच आहे. नोंदणी कक्षातील कारकून, प्रयोगशाळेतील कर्मचारी किंवा विम्याची कागदपत्रे हाताळणारा माणूस तिच्या कक्षेत येत नाही, आणि माहिती या हातांतूनही जात असते.

स्वतःच्या कागदपत्रांबाबत मात्र रुग्णाची बाजू भक्कम आहे. केस पेपरची प्रत रुग्णाला नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ठरवले. नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी ती दिली पाहिजे. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात, त्यामुळे अर्ज त्या मुदतीत करणे श्रेयस्कर.